गांडुळांचा सभात्याग

8 एप्रिल 2016 रोजी केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम जाहीर केले, तेव्हा ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मी नसणार. असतो, तर त्यांनी शेवटी आणखी एक कलम घातलं असतं: हे नियम ज्याला तोंडपाठ आहेत, त्याला खतखड्ड्याच्या आसपास फिरकू देऊ नये.

माझी हयात बँकेत सर्क्युलरं वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर सर्क्युलरं यायची बंद झाली आणि मला करमेनासं झालं. अशा नाजूक अवस्थेत हे नियम हाती लागले. लाल पेनाने खुणा करत मी ते वाचून काढले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. रंगाचे डबे, संपलेल्या बॅटऱ्या, मुदत उलटलेली औषधं हा घरातला घातक ऐवज तिसरीकडे. डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून. 5,000 चौरस मीटरहून मोठं आवार असलेल्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. मी कपाटातून जुने नकाशे काढून आमच्या आवाराचं क्षेत्रफळ तपासलं. आम्ही नियमात बसत होतो. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ज्यांच्या आलं होतं ते शहाणे होते म्हणून गप्प बसले होते.

पुण्यात हा विषय नुसता पुस्तकी नाही. आमच्या भाज्यांची देठं आणि शिळा भात वर्षानुवर्षं उरुळी देवाची–फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडायचा. तिथे तो कुजायचा, त्यातून मिथेन निघायचा, काळं पाणी झिरपायचं. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात जागोजागी ढीग साचले. तेव्हा नाकाला रुमाल लावून ‘गावकऱ्यांनी जरा समजून घ्यायला हवं’ असं म्हणणारे काही लोक होते. त्यांतला एक आमच्याच घरात राहतो.

पण मला खड्ड्याकडे ओढलं ते पर्यावरणाने नव्हे, मिळकतकराने. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक गोष्ट चालू असेल तर महापालिका 5 टक्के सूट देते, एकाहून जास्त असतील तर 10 टक्के. सूट म्हटल्यावर पुणेकराला पुढचं वाक्य वाचायची गरज भासत नाही. पुढच्या वाक्यात होतं की ही सूट अख्ख्या बिलावर नसून त्यातल्या सर्वसाधारण करावर आहे.

खड्डे तयारच होते. नकाशा मंजूर करून घेण्यापुरते बिल्डरने मागच्या भिंतीलगत विटांचे दोन हौद बांधून ठेवले होते. वर गंजलेली पाटी: ‘गांडूळ खत प्रकल्प’. एका हौदात फुटका कमोड, फरशीचे तुकडे आणि कोणाच्या तरी मुलाची तीनचाकी सायकल. तो मुलगा आता अमेरिकेत असतो. दुसऱ्या हौदात थर्माकोलचं भलंमोठं मखर. 2018 ची बंदी आल्यावर ते वापरायची सोय उरली नव्हती आणि उघडपणे टाकून द्यायची हिंमत कोणाला झाली नव्हती. प्रकल्पात गांडूळ तेवढं नव्हतं.

वार्षिक सभेत मी विषय मांडला. कोणीही विरोध केला नाही. सोसायटीच्या सभेत एखाद्या ठरावाला विरोध होत नाही, तेव्हा काम मांडणाऱ्याच्याच गळ्यात पडलेलं असतं. सेक्रेटरी म्हणाले, “साहेब, तुमच्याइतका अभ्यास आहे कोणाचा?” ही युक्ती मी स्वतः बँकेत अनेक ज्युनिअरांवर वापरली होती. तरीही मला भरून आलं.

आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासूनची; तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली. ताई डबा हातात घेतात आणि झाकण न काढता सांगतात की ओल्यात सुकं मिसळलंय. अशा बाईंना मी नियम समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग सोसायटीपुढे आदर्श म्हणून ठेवलेला माझा स्वतःचा सुका डबा मी त्यांच्यासमोर उघडला.

त्यांनी तो गोणपाटावर पालथा केला.

“काका, हा पिझ्झाचा पुठ्ठा. तेल प्यायलाय, ह्याला भाव नाही. ही दुधाची पिशवी धुतली नाही, उद्या सगळी रद्दी वास मारेल. आणि कोपरा कापून कुठं टाकला?”

“कुठे म्हणजे? टाकला.”

“तो एवढासा तुकडा वेचायचा कोणी? पिशवीला नुसता काप द्यायचा. तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्यायचा.”

वेफर्सची चकचकीत पाकिटं त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली; त्यांना भंगारवाला विचारत नाही. उरलं काय, तर इंग्रजी वर्तमानपत्राच्या घड्या आणि तेलाचा एक डबा. शेवटी आपली बाजू सावरायला मी विचारलं, नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात? हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता.

“तुमचा नियम काय म्हणतो?”

“नियमाने ती जैविक आहे. कुजते.”

“मग टाका खड्ड्यात. नातवाच्या लग्नापर्यंत कुजेल.”

नातू तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचा होता आणि मुलगी माहेरी असल्यामुळे आमच्याकडे डायपरांचा हंगाम होता. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा, म्हणजे उचलणाऱ्या हाताला आधीच कळतं, हेही ताईंनीच सांगितलं. लाल पेन नियमांवर खुणा करण्यात संपलं होतं. मी बायकोच्या नेलपॉलिशने ठिपके दिले. ती बाटली परदेशातून आणलेली होती, हे मला ठिपके वाळल्यावर कळलं.

मग मी मूळ प्रश्नाला हात घातला, म्हणजे आपल्या घरात कचरा होतोच का. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल मी जेवताना वाचून दाखवला. 2022 साली दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून जगात ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नातलं 19 टक्के वाया गेलं. भारतात नुसत्या घरांमधून माणशी वर्षाला 55 किलो.

“त्यात सालं धरलीत?” बायकोने विचारलं.

धरली होती. हाडं, साली, कोयी, सगळं.

“मग कलिंगडांनी देशाची बदनामी केली म्हणा!”

मी बॅगा तोलायचा काटा काढला आणि रोजचा ओला कचरा मोजून वहीत लिहायला लागलो. तेव्हा सासूबाई राहायला आलेल्या होत्या. त्यांच्या राज्यात कचऱ्याला काही उरतच नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या वरणात वरणफळं. चहाचा चोथासुद्धा धुऊन गुलाबाला. त्यांनी माझी वही लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, “जावईबापू, वजन करत बसण्यापेक्षा कालची भेंडी संपवा.”

वहीने मात्र दगा दिला. महिन्याची बेरीज केली तेव्हा वाया गेलेल्या ऐवजात सगळ्यात मोठा वाटा मेथी, पालक आणि चाकवताचा निघाला. संध्याकाळी मंडई उठायच्या वेळेला एका जुडीच्या भावात दोन पदरात पाडून घेण्यात माझा हातखंडा आहे. दुसरी जुडी फ्रिजच्या तळाशी काळी पडून, पाणी सुटून, ठिबकत बाहेर यायची. यानंतर नोंदी ठेवण्यात काही अर्थ नाही असं माझं मत झालं.

पावसाळ्यात नातवाचं उष्टावण ठरलं. ‘अगदी घरगुती’ म्हणून सुरू झालेली यादी व्याह्यांकडची नावं आल्यावर शंभराच्या पलीकडे गेली. इथे माझे डोळे चमकले. नियमांत म्हटलं होतं की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून जास्त माणसं जमणार असतील, तर कामकाजाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं. आमच्या गच्चीला परवाना कुठला असायला! मी रीतसर अर्ज लिहून घेऊन गेलो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला.

“मांडव रस्त्यात येतोय का?”

“नाही.”

“स्पीकर लावणार?”

“नाही. कचरा होणार आहे.”

त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पोच मात्र मिळाली. मी ती लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेट केलेला कागद रद्दीतही जात नाही आणि प्लास्टिकमध्येही, हे ताईंनी नंतर सांगितलं.

केटररला मी पानांचा आकडा अगदी काटेकोर सांगितला. यादीतली किती येतात, किती नुसते ‘बघतो’ म्हणतात, याचा मी हिशेब मांडला होता. तो आकडा ऐकून बायकोला घाम फुटला. ऐनवेळी जेवण कमी पडलं तर व्याह्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून तिने केटररला गुपचूप फोन करून वीस पानं वाढवली. सासूबाईंचा जमाना पंगतीचा. त्यांनी आपल्या अंदाजाने आणखी पंधरा वाढवली. मुलीने सासरची माणसं मनात धरून दहा. केटररने धंद्याच्या रीतीने हातचे धरले ते निराळेच. अन्न वाया घालवू नये यावर ज्यांना मी महिनाभर बौद्धिक दिलं होतं, त्यांतल्या एकानेही मला पत्ता लागू दिला नाही.

त्यात त्या दिवशी पावसाने झोडपून काढलं. गच्चीवरचा बेत पार्किंगमध्ये उतरला, आणि लांबून येणाऱ्यांनी ‘सिंहगड रोडला पाणी आहे’ असे निरोप धाडले.

उष्टावण झकास झालं. सासूबाईंनी पणतूसाठी चांदीची वाटी आणि चमचा केला होता, चमच्याच्या दांड्यावर बाळाचं नाव कोरलेलं. मामाने मांडीवर घेऊन खिरीचं बोट लावलं, मग चमच्याने घास भरवला. बाळाने तो घास चाटला, चमचा मुठीत पकडला आणि भिरकावून दिला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पुढे जेवणाच्या गडबडीत वाटी सापडली, चमचा सापडेना. वाढप्यांना विचारून झालं, खुर्च्यांखाली बॅटऱ्या मारून झाल्या. ती मुलं अवघडून उभी होती. हिशेबाच्या वेळी मी चमच्याचे पैसे बिलातून वळते केले. केटरर म्हणाला, “साहेब, तो चमचा...” मी म्हणालो, “आधी कलम ऐकून घ्या,” आणि समारंभ करणाऱ्याने कचऱ्याची काय काय व्यवस्था करायची असते ते त्याला सविस्तर सांगितलं. कलम संपेपर्यंत त्याचा टेम्पो भरून झाला होता. उरलेले पैसे खिशात घालून तो निघून गेला.

आता उरलेलं अन्न. वॉचमन, ड्रायव्हर, कामाच्या मावशी, आल्यागेल्यांचे डबे, सगळं भरून झालं तरी मसालेभाताचं एक पातेलं, जिलब्यांची परात आणि मठ्ठ्याचं अर्धं पिंप शिल्लक होतं. बायको म्हणाली, “अहो, असं अन्न घेऊन जाणाऱ्या संस्था आहेत, एक फोन करा ना.” मी म्हणालो, “आवारातला ओला कचरा आवारात जिरवायचा असतो.” हे वाक्य मी व्याह्यांच्या समोर म्हणालो, त्यामुळे तिला पुढे बोलता आलं नाही.

खड्ड्यातली गांडुळं मी किलोच्या भावाने विकत आणली होती. आयसेनिया फेटिडा जातीची, लालसर, बारीक, खादाड. महिनाभर ती भाज्यांच्या देठांवर सुखाने नांदत होती. त्यांना मीठ, तेल, आंबट आणि उष्ण हे चारही वर्ज्य, असं माझ्याच हस्ताक्षरातलं कार्ड हौदावर लावलेलं होतं. पण खत लवकर व्हावं म्हणून थोडं आंबट ताक शिंपडतात, असंही मी कुठेतरी वाचलं होतं. ताक आणि मठ्ठा यांत फरक काय, तर आल्या-मिरचीचा. मी मसालेभात पसरला, वर जिलब्या पसरल्या आणि त्यावर मठ्ठ्याचं पिंप स्वतःच्या हाताने, समाधानाने, उपडं केलं.

पहाटे वॉचमनचा फोन आला. “साहेब, तुमची मंडळी बाहेर आलीत.”

मी छत्री घेऊन खाली गेलो. हौदाच्या कडेवरून, विटांच्या सांध्यांतून, ड्रेनेजच्या झाकणावरून, ओल्या फरशीवरून ती चालली होती. एकही मागे वळून पाहत नव्हतं. त्यांतली बरीच लिफ्टच्या दिशेने निघाली होती. तळमजल्यावरच्या वहिनी दूध घ्यायला दार उघडून बाहेर आल्या आणि तशाच पायरीवर उभ्या राहून त्यांनी सेक्रेटरींना हाक मारली. ते चौथ्या मजल्यावर राहतात. मी सुपली आणि केरसुणी घेऊन सभात्याग केलेल्या सभासदांची मनधरणी करत होतो. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या पोरांनी मात्र माझी फार मदत केली. एकाने आपला डबा रिकामा करून त्यात पंचवीसएक भरून दिली. डब्याचं पुढे काय झालं, हे त्याच्या आईने मला संध्याकाळी येऊन सांगितलं.

दोन दिवसांत वास सुटला. सडक्या अंड्यांचा, दोन विंग ओलांडून गेटपर्यंत. नाकाला पदर आणि रुमाल लावून जमलेल्या मंडळींना मी शास्त्र समजावलं: खतात एका भाग नायट्रोजनला पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो, इथे ओल जास्त आणि हवा कमी झाल्याने वेगळ्या जातीचे जिवाणू माजले आहेत आणि ते हायड्रोजन सल्फाइड...

“पाला टाका,” ताई म्हणाल्या.

सुक्या पाल्यात कार्बन असतो. पण सुका पाला पुण्यात झडतो तो फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा माळ्याने भिंतीलगत त्याची पोती रचून ठेवली होती आणि आवाराची शोभा जाते अशी लेखी तक्रार करून ती हलवायला लावणारा सभासद मीच होतो. आता ऐन पावसात कोरडा पाला हवा होता. सुदैवाने या गावात जास्तीचा पाला ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ घालून देणारी ‘ब्राऊन लीफ’ नावाची चळवळ आहे, आणि उन्हाळ्यातच पोती भरून छपराखाली ठेवणारी दूरदृष्टीची माणसंही आहेत. रेनकोट पोत्यांना घालून आणि स्वतः भिजत मी स्कूटरवरून पाला वाहिला. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, “काका, बकऱ्या पाळल्यात काय?”

वास बसतो न बसतो तोच अळ्या झाल्या. करड्या, जाड, शेकड्यांनी वळवळणाऱ्या. आता मात्र तातडीची सभा बोलावली गेली. विषय क्रमांक एक, ‘खड्ड्यातील जीवजंतू व त्यास जबाबदार व्यक्ती’. औषध फवारायचा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. ताई कचऱ्याची गाडी घेऊन बाजूने चालल्या होत्या, त्या थांबल्या. “औषध मारू नका. ह्या काळ्या माशीच्या अळ्या, चांगल्या असतात. ती माशी चावत नाही की काही नाही. आता बघा, चार दिवसांत तुमचा भात फस्त करतात.” मी नंतर वाचलं तर इंग्रजीत तिला सैनिक माशी म्हणतात आणि खरकटं संपवायला तिच्या अळ्या मुद्दाम पाळतात. गांडुळांनी नाकारलेला मसालेभात त्यांनी जिलब्यांसकट संपवला. तेव्हापासून सोसायटीत खताच्या बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही, ताईंचं विचारतात. सूटही मिळाली. तिच्यातून गांडुळं, पेट्रोल, नेलपॉलिश आणि त्या मुलाचा नवा डबा वजा जाता मी तोट्यात आहे.

दिवाळीनंतर खत चाळायला काढलं. काळंभोर, मोकळं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं. ताई चाळण धरत होत्या, मी फावड्याने ओढत होतो. करवंट्या जशाच्या तशा निघाल्या. ताईंनी प्रत्येक करवंटी न बोलता माझ्यासमोर ठेवली. आंब्याच्या कोयी निघाल्या. आणि मग चाळणीत खणखणाट सुरू झाला. चमचे, नुसते चमचे. खरकट्याबरोबर ओल्या डब्यात गेलेले, अख्ख्या सोसायटीचे. लिंबू पिळायच्या यंत्राची अर्धी बाजू, दोन वाट्या, एक पळी. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ते किती बरं आहे! मी सगळं कट्ट्यावर ओळीने मांडलं आणि लोक पर्यटकांसारखे बघायला आले. “अय्या, हा तर आमचा!” “ह्याच्यासाठी मी बाईला बोलले होते.” एका चमच्यावर डेक्कनच्या एका नामांकित हॉटेलचं नाव होतं. त्याला वारस मिळाला नाही.

शेवटच्या पाटीत ताईंच्या हाताला एक काळी काडी लागली. त्यांनी ती टाकली नाही, बोटांत फिरवली, मग पदराच्या टोकाने घासली. हायड्रोजन सल्फाइडमध्ये चांदी काळी पडते, हे मला सांगायचं होतं. पण दांड्यावर नातवाचं नाव उमटायला लागलं होतं आणि मागे बायको उभी होती.

“फोन लावा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, आधी एक रीतसर पत्र लिहितो, बिलाचा संदर्भ देऊन. तिने स्वतःच नंबर लावला आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. मी चाचरत सगळं सांगितलं, पैसे आजच पाठवतो म्हणालो. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी मोठं कार्य असावं.

“अहो साहेब,” केटरर म्हणाला, “बाळाने चमचा मठ्ठ्याच्या पिंपात टाकलेला आमच्या पोराने बघितला होता. तेच तर सांगत होतो त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, आधी कलम ऐकून घ्या.”